मधुमेह्याचें ताट

भात सोडावा कीं नुसता कमी करावा, हा प्रश्न आज शहरांतील असंख्य घरांत जेवणाच्या वेळीं निघतो. त्याचें उत्तर शोधतांना वैद्यकशास्त्र संपूर्ण त्याग आणि पूर्ण मोकळीक या दोन्ही टोकांना जाऊन आलें आहे. आणि त्या येरझारांची किंमत रोग्यांना मोजावी लागली आहे.

भारतांत सुश्रुतसंहितेनें प्रमेहाचे दोन भेद सांगितले: एक सहज, म्हणजे जन्मजात, व दुसरा अपथ्यानें जडणारा. पहिल्याचा रोगी कृश, तर दुसऱ्याचा बहुधा स्थूल. चरकसंहितेनें प्रमेह्यास जव हें मुख्य अन्न सांगितलें. म्हणजे प्राचीनांनीं धान्य वर्ज्य केलें नाहीं. त्याची निवड केली.

युरोपांत १७७६ सालीं लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनीं मधुमेह्याच्या लघवींतील गोडी साखरेचीच होय, हें दाखविलें. त्यानंतर साखर व पिष्ट अजिबात तोडण्याचा विचार सुचणें स्वाभाविकच होतें. ब्रिटिश तोफखान्याचे शल्यवैद्य जॉन रोलो यांनीं मेरिडिथ नांवाच्या स्थूल कॅप्टनला मुख्यतः मांसाहारावर ठेवलें व गुण आल्याचें १७९७ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यांत अन्नाचा तुटवडा पडला, तेव्हां बूशार्दा या फ्रेंच वैद्यास आपल्या कांहीं रोग्यांच्या लघवींतील साखर नाहींशी झाल्याचें आढळलें. वैद्याच्या सांगण्यानें जें पथ्य साधत नव्हतें, तें शत्रूच्या वेढ्यानें साधलें!

हा अनुभव खरा होता. पण तो सर्वांस सरसकट लागू करण्यांत अनर्थ होता. अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन यांनीं १९१४ च्या सुमारास उपासाची उपचारपद्धति रूढ केली. तिनें आयुष्य कांहींसें लांबे, पण देह झिजून जाई. अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हिचें वजन पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर अवघें ४५ पौंड उरलें होतें. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिन हातीं आलें. १९२२ च्या ऑगस्टमध्यें तें एलिझाबेथला मिळालें, आणि ती १९८१ पर्यंत जगली. तिला उणीव इन्सुलिनची होती. अन्न तोडून ती कधींच भरून निघाली नसती.

या कोड्याची उकल १९३६ सालीं लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनीं केली. कांहीं रोग्यांवर इन्सुलिन चटकन लागू पडतें, कांहींवर तितकें पडत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. यांतूनच पुढें पहिला व दुसरा प्रकार असे भेद स्थिरावले. दुसऱ्या प्रकारांत शरीर इन्सुलिन तयार करतें, पण त्याचा अंमल पुरेसा चालत नाहीं. म्हणून ताटांतील पिष्टाचा भार हलका केला, कीं रक्तांतील साखरही उतरते.

तरीही लंबक हालतच राहिला. १९७१ सालीं अमेरिकन मधुमेह संस्थेनें कर्बोदकांवरील विशेष निर्बंध सैल केले. २०१९ मध्यें तिच्याच तज्ज्ञांनीं सर्वांस लागू पडेल असें एकच प्रमाण नाहीं, मात्र कर्बोदकें घटविल्यानें साखर आटोक्यांत येते, असा निर्वाळा दिला.

निरोगी माणसासही हा धडा उपयोगी आहे. २०१८ च्या एका अमेरिकन पाहणींत ज्यांच्या आहाराची निम्मी किंवा किंचित् अधिक ऊर्जा कर्बोदकांतून येई, त्यांच्यांत मृत्युप्रमाण सर्वांत कमी आढळलें. फार कमी व फार अधिक खाणाऱ्यांत तें वाढलेलें होतें. भारतांत हा वांटा सरासरी सुमारें ६२ टक्के असल्याचें २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत दिसलें. एकूण कर्बोदकें तितकींच ठेवून नुसतें भाताऐवजीं भरड धान्य घेतल्यानें धोका घटल्याचें तींत आढळलें नाहीं. त्यांतील थोडा भाग डाळी, दूध, अंडीं वा मासे यांतील प्रथिनांना दिला, तर मात्र धोका कमी दिसला.

तात्पर्य, भात किंवा भाकरी हद्दपार करण्याचें कारण नाहीं. तिची जागा थोडी आवरून तेथें डाळ-उसळ वाढावी. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यानें मात्र हा फेरफार डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच करावा. कारण औषध तेवढेंच राहून अन्न घटलें, तर साखर धोकादायकपणें खालीं जाऊं शकते.