ध्येयनिश्चिती-पद्धती, संघटनांतील

संघटनेतील प्रत्येक गटाने ठरावीक मुदतीत काय साधावयाचे, हे आगाऊ मुक्रर करून त्यावरून कामाचा हिशेब घेण्याच्या रीती. पीटर ड्रकर यांनी 1954 मध्ये मांडलेली उद्दिष्टाधिष्ठित व्यवस्थापनाची कल्पना ही यांतील आद्य होय. वरिष्ठ-कनिष्ठांनी विचारविनिमयाने उद्दिष्टे ठरवावीत, असा तिचा मूळ हेतू असला, तरी व्यवहारात ती बहुधा वरून सुटलेल्या हुकमाचे रूप घेऊन पगारवाढीशी जखडली गेली. अँडी ग्रोव्ह यांनी इंटेलमध्ये तिचेच संस्करण करून ‘ओकेआर’ पद्धती सिद्ध केली : उद्दिष्ट शब्दांत, फलिते मात्र मोजता येतील अशी. 1980 मध्ये मोटोरोलाच्या स्पर्धेने हैराण झालेल्या इंटेलने 8086 या मायक्रोप्रोसेसरला वर्षभरात ग्राहकांच्या 2,000 यंत्ररचनांत स्थान मिळवून देण्याचे लक्ष्य ठेवले, तेव्हा विक्रेत्यापासून अभियंत्यापर्यंत सर्वांसमोर एकच आकडा होता. जॉन डोअर यांनी 1999 मध्ये ही पद्धती गूगलमध्ये नेली; तेथे सुमारे 70 टक्के सिद्धीही समाधानकारक मानतात, कारण ध्येयच मुद्दाम आवाक्याबाहेरचे ठेवलेले असते. जॉर्ज डोरन यांची ‘स्मार्ट’ (1981) ही वस्तुतः पद्धती नव्हे, उद्दिष्टाचा मसुदा पारखण्याची कसोटी होय. तिला या पंक्तीत बसविण्याचा प्रघात सयुक्तिक नाही. डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांचा तर संख्यात्मक लक्ष्यांनाच विरोध होता. दोष बहुतांशी कार्यव्यवस्थेत असताना कामगारावर आकडे लादणे त्यांना व्यर्थ वाटे.