संख्या आणि प्रतिष्ठा : विद्वत्समूहातील लेखगणनेचा इतिहास

प्रस्तावना

विद्वानांच्या कोणत्याही समूहात सभासद एकमेकांचे मोल सतत ठरवीत असतात. कोणाचे मत ग्राह्य मानावे, कोणाला पद द्यावे, कोणाचा लेख आधी वाचावा, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाला द्यावी लागतात. उत्तर देण्याचे दोन मार्ग आहेत. सहकाऱ्याने काय लिहिले आहे ते वाचून मत बनविणे हा पहिला. त्याने किती लिहिले आहे ते मोजणे हा दुसरा. पहिल्याला वेळ लागतो आणि विषयाचे ज्ञानही लागते. दुसऱ्याला यांपैकी काहीच लागत नाही.

लेखांची संख्या विद्वानांच्या परस्परांविषयीच्या मतावर खरोखर परिणाम करते काय, आणि करीत असल्यास कोणत्या परिस्थितीत, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. विवेचनाचा आरंभ एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडपासून करून २०१० नंतरच्या भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील उच्च शिक्षणापर्यंत ते आणले आहे.

सूचीपूर्वीचा काळ

लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्यापुढील सुमारे दोन शतके एखाद्याने नियतकालिकांत किती लेख लिहिले याला स्वतंत्र महत्त्व नव्हते. सोसायटीच्या सभासदत्वासाठी उमेदवाराच्या नावाचे प्रमाणपत्र लिहिले जाई व त्याला ओळखणारे सभासद त्यावर सह्या करीत. या पद्धतीत ओळखीपाळखीला व सामाजिक दर्जाला मोठे स्थान होते, हे नाकारता येत नाही. तो काळ न्यायाचा होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८४७ मध्ये सोसायटीने दरवर्षी केवळ १५ नवे सभासद घेण्याचा नियम केला. जागा मर्यादित झाल्या, आणि निवडीसाठी उमेदवाराच्या शास्त्रीय कार्याचा काही दाखवता येण्याजोगा पुरावा अधिकाधिक आवश्यक ठरू लागला.

सूचीतून मोजणीकडे

हा पुरावा एका अनपेक्षित ठिकाणाहून उपलब्ध झाला. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे सचिव जोसेफ हेन्री यांनी १८५५ मध्ये शास्त्रीय लेखांची एक व्यापक सूची तयार करण्याची सूचना मांडली. रॉयल सोसायटीने ते काम अंगावर घेतले व १८६७ मध्ये ‘कॅटलॉग ऑफ सायंटिफिक पेपर्स’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. अभ्यासकाला जुना लेख सापडावा एवढाच तिचा मूळ हेतू होता. परंतु तिची रचना लेखकनामानुसार होती, आणि प्रत्येक नावाखालील लेखांना अनुक्रमांक दिले होते. त्यामुळे कोणाच्या नावावर किती लेख आहेत हे पान उघडताच दिसू लागले.

या सूचीत केवळ नियतकालिकांतील लेख घेतले होते. स्वतंत्र ग्रंथांना तीत स्थान नव्हते. चार्ल्स डार्विन यांच्या नावाखाली त्यांचे छोटे लेख आले, मात्र १८५९ साली प्रसिद्ध झालेला ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा युगप्रवर्तक ग्रंथ गणनेत येऊ शकला नाही. मोजणीची पद्धत जे मोजू शकते तेच दृश्य होते आणि उरलेले नजरेआड जाते, हा पुढील दीडशे वर्षांत वारंवार येणारा अनुभव या पहिल्याच सूचीत दिसून येतो.

तथापि, संख्येने लगेच सर्वत्र जम बसविला असे नाही. जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अल्फोन्स द कांदोल यांनी १८७३ मध्ये शास्त्रज्ञांचा संख्यात्मक अभ्यास केला, तेव्हा त्यांनी अकादमींचे सभासदत्व, म्हणजे समकालीन विद्वानांनी दिलेला मान, हा निकष वापरला. अमेरिकेत जेम्स मॅकीन कॅटेल यांनी १२ विद्याशाखांतील प्रत्येकी दहा अग्रगण्य व्यक्तींकडून त्या-त्या शाखेतील शास्त्रज्ञांची क्रमवारी लावून घेतली, आणि १९०६ च्या ‘अमेरिकन मेन ऑफ सायन्स’ या कोशात एक हजार नावांपुढे तारका छापल्या. तेथेही आकडा होता. पण त्याच्या मुळाशी जाणकारांचे मत होते.

समूहाचा नियम आणि व्यक्तीची पारख

विसाव्या शतकात लेखगणना हे समूहाच्या अभ्यासाचे साधन बनले. आल्फ्रेड लोटका यांनी १९२६ मध्ये दाखविले की, एकच लेख लिहिणाऱ्यांच्या तुलनेत दोन लेख लिहिणारे साधारण एक चतुर्थांश, तर तीन लिहिणारे एक नवमांश असतात; सुमारे ६० टक्के लेखकांच्या नावावर एकच लेख असतो. हा नियम समूहाविषयी होता. कोण श्रेष्ठ व कोण कनिष्ठ हे त्यातून ठरत नव्हते. १९४८ मध्ये डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयांसाठी अशाच संख्याशास्त्रीय पद्धतीची सूचना केली. तिचेही लक्ष्य ग्रंथालयसेवा सुधारणे हे होते, विद्वानांची प्रतवारी लावणे हे नव्हते.

तरीही विद्यापीठांतील वातावरण बदलत होते. ‘प्रकाशन करा, नाहीतर संपा’ या आशयाचा इंग्रजी वाक्प्रचार अमेरिकी विद्यापीठांत रूढ झाला होता. लोगन विल्सन यांच्या १९४२ मधील ‘द अकॅडेमिक मॅन’ या ग्रंथात तो आढळतो. साहजिकच, लेखसंख्येचा सहकाऱ्यांच्या मतावर नेमका किती परिणाम होतो, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञांपुढे आला.

या दृष्टीने स्टीफन कोल व जोनाथन कोल या बंधूंचा १९६७ मधील अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यांनी अमेरिकी विद्यापीठांतील १२० भौतिकशास्त्रज्ञांच्या लेखांची संख्या, त्या लेखांची गुणवत्ता आणि त्यांना मिळालेली मान्यता यांची तुलना केली. त्यांना चार प्रकार आढळले : पुष्कळ व चांगले लिहिणारे, पुष्कळ पण सामान्य लिहिणारे, थोडे पण उत्तम लिहिणारे, आणि थोडे व सामान्य लिहिणारे. मान्यता मिळविण्यात संख्येपेक्षा गुणवत्तेचा वाटा मोठा असल्याचे त्यांना दिसून आले. म्हणजे ज्या क्षेत्रात सभासद एकमेकांचे लेख खरोखर वाचतात, तेथे केवळ लेखांचा ढीग फार काळ दिपवू शकत नाही.

मात्र या अभ्यासातही गुणवत्ता ठरविण्यासाठी एक आकडाच वापरला होता. लेखाचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, हा तो आकडा. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये त्यातील धोका दाखवून दिला. ज्याचे नाव आधीच मोठे आहे त्याला त्याच तोडीच्या कामासाठी अनोळखी संशोधकापेक्षा अधिक श्रेय मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रतिष्ठेतून उल्लेख वाढतात व उल्लेखांतून प्रतिष्ठा वाढते; त्यामुळे उल्लेखांचा आकडा हा निव्वळ गुणवत्तेचा आरसा राहत नाही.

निर्देशांकांचा उदय

उल्लेखांची गणना सुलभ झाली ती युजीन गारफिल्ड यांच्यामुळे. त्यांनी १९५५ मध्ये उल्लेखसूचीची कल्पना मांडली, ती जुन्या लेखावर नंतर कोणी टीका वा दुरुस्ती केली आहे काय, हे वाचकाला कळावे म्हणून. अमेरिकी वकील न्यायनिवाड्यांसाठी १८७३ पासून अशी सूची वापरीत होते; तिचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६४ पासून नियमित निघू लागली. येथेही १८६७ च्या सूचीचीच कथा पुन्हा घडली. शोधण्यासाठी तयार केलेले साधन पारखण्यासाठी वापरले जाऊ लागले. व्यक्तीचे मूल्यमापन अशा आकड्यांवरून सरसकट करू नये, असे गारफिल्ड यांनी वेळोवेळी बजावले. त्याचा विशेष उपयोग झाला नाही. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ मांडला. ज्याचे किमान १० लेख प्रत्येकी किमान १० वेळा उल्लेखिले गेले त्याचा निर्देशांक १०, असा तो सोपा हिशेब आहे. संपूर्ण कारकीर्द एका अंकात बसली.

पीटर हिग्ज यांचे उदाहरण येथे बोलके आहे. १९६४ मधील मूलगामी कार्यानंतर त्यांनी दहाहूनही कमी लेख प्रसिद्ध केले. २०१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाल्यावर दिलेल्या मुलाखतीत, आजच्या पद्धतीत आपण पुरेसे उत्पादक ठरलो नसतो व आपल्याला अध्यापकाची नोकरी मिळाली नसती, असे मत त्यांनी व्यक्त केले. त्यांच्या विषयातील जाणकारांना त्यांचे मोल दीर्घकाळ माहीत होते. अडचण होती ती विभागातील लेखांची यादी मागणाऱ्या यंत्रणेची.

भारतातील अनुभव

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या नियुक्ती व पदोन्नतीसाठी ‘एपीआय’ म्हणजे शैक्षणिक कार्यसिद्धी निर्देशांक आणला. परीक्षित नियतकालिकातील लेखाला १५ गुण, अपरीक्षित परंतु मान्यताप्राप्त नियतकालिकातील लेखाला १० गुण, स्थानिक प्रकाशकाच्या ग्रंथाला १५ गुण, असा तक्ता ठरला. त्यामागील हेतू वाईट नव्हता. वशिला, जात, गटबाजी व निवडसमितीची मर्जी यांनी ग्रासलेल्या व्यवस्थेत आकडा हा दुर्बलाचा आधार वाटतो. ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्यालाही आपले गुण दाखवून हक्क मागता येतो. लेखगणनेचा हा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही.

परंतु परिणाम वेगळा झाला. अध्यापकाने स्वतःच आपले गुण तक्त्यात भरावयाचे असल्याने तो स्वतःच्या कामाकडेही तक्त्याच्या नजरेने पाहू लागला. मोडी दफ्तरे वर्षभर चाळून लिहिलेला लेख आणि आठवडाभरात जुळविलेला लेख यांना एकाच वर्गातील नियतकालिकात समान गुण होते. लेखांची मागणी वाढताच शुल्क घेऊन काहीही छापणारी नियतकालिके वाढली. अशा नियतकालिकांतील जगभरचे लेख २०१० मधील सुमारे ५३ हजारांवरून २०१४ मध्ये सुमारे ४ लाख २० हजारांवर गेल्याचा अंदाज २०१५ मधील एका अभ्यासात वर्तविला गेला, आणि त्यातील लेखकांत एक तृतीयांशाहून अधिक भारतीय असल्याचे नमुन्यावरून दिसले.

या प्रश्नाची महत्त्वाची चिकित्सा पुण्यातच झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी, विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या मान्य यादीत आलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी केली. त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरू शकतात, असा निष्कर्ष त्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख प्रसिद्ध करण्याची २००९ पासूनची अट २०२२ च्या विनियमांत काढण्यात आली. पंधरा वर्षांत एकापाठोपाठ एक याद्या व नियम बदलले. लेख वाचून मत देण्याची व्यवस्था मात्र कोणत्याच यादीने निर्माण केली नाही.

महाराष्ट्राला अशा व्यवस्थेचा अनुभव नव्हता असे नाही. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात निबंध सभेपुढे वाचले जात व त्यांवर चर्चा होई. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या प्रस्तावनांतील मतांवर तीव्र वाद झाले. राजवाडे यांची प्रतिष्ठा खंडांच्या संख्येवर उभी नव्हती. विरोधकांनाही ते खंड उघडून वाचल्याशिवाय वाद घालता येत नसे. या जुन्या वर्तुळालाही आपल्या मर्यादा होत्या. ते लहान होते आणि बहुतांशी एका सामाजिक थरातील होते. पण तेथे वाचन टाळून न्याय देता येत नव्हता, ही त्याची जमेची बाजू मान्य करावी लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लेखगणनेची साधने बहुधा मोजण्यासाठी जन्माला आली नव्हती; सूची शोधण्यासाठी होती, नियम समूह समजण्यासाठी होता, आणि माणसांच्या पारखीसाठी त्यांचा वापर नंतर झाला. दुसरी, संख्येचा प्रभाव सर्वत्र सारखा नसतो. परस्परांचे लेखन वाचणाऱ्या विशेषज्ञांत तो मर्यादित राहतो. निर्णय घेणारा आणि लेखन यांमधील अंतर वाढेल तसा तो वाढतो. तिसरी, आकडा हा पक्षपातावरील उतारा म्हणून स्वीकारला जातो, परंतु तो पक्षपात दूर करण्याऐवजी त्याची जागा बदलतो. पूर्वी वशिला निवडसमितीत चाले. नंतर तो लेख छापून घेण्याच्या पायरीवर गेला.

व्यक्तीच्या मूल्यमापनात नियतकालिकांचे आकडे वापरू नयेत, असे आवाहन सॅन फ्रान्सिस्को येथे डिसेंबर २०१२ मध्ये तयार झालेल्या जाहीरनाम्याने केले. त्याचा स्वीकार करणे म्हणजे ओळखीपाळखीच्या जुन्या काळाकडे परतणे नव्हे. उमेदवाराने आपले दोन किंवा तीन उत्तम लेख द्यावेत, ते समितीने आधी वाचावेत, आणि आपले मत कारणांसह लेखी नोंदवावे, एवढी साधी पद्धतही दोन्ही दोषांना बऱ्याच अंशी आळा घालू शकेल. अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत गेल्या पंधरा वर्षांतील नियतकालिकांचे अंक साठले आहेत. त्यातील लेख कोणाच्या तरी गुणतक्त्यात नोंदले गेले. ते कोणी वाचले काय, हे सांगणारा रकाना त्या तक्त्यात नव्हता.