शालेय अग्निसुरक्षा शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आगीपासून बचाव कसा करावा, हे मुलांना शिकविण्याची गरज आज सर्वमान्य आहे. तथापि भारतीय शाळांमध्ये हे शिक्षण प्रामुख्याने दुर्घटनांच्या पाठोपाठ आले. या वाटचालीचा आढावा घेऊन मुलांना दिल्या जाणाऱ्या धड्याची मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अग्निशमन सेवा सप्ताह

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस व स्फोटके वाहून आणणाऱ्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळला जातो. प्रात्यक्षिके, व्याख्याने व स्पर्धा यांमधून शाळांना या विषयाची ओळख झाली. मात्र हे दिवस महाराष्ट्रातील बहुतेक शाळांत वार्षिक परीक्षांचे असतात. त्यामुळे स्मरणाचा दिवस शिक्षणाचा दिवस होण्यास अडचण येते.

डबवाली आणि कुंभकोणम

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागली. मुले व पालक मिळून चारशेहून अधिक माणसे दगावली. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ बालकांचा बळी गेला. स्वयंपाकघर कोठे असावे, छप्पर कशाचे असावे, जिना किती रुंद असावा, यांपैकी एकही निर्णय त्या मुलांच्या हाती नव्हता. म्हणूनच केवळ ‘मुलांना सावध करा’ हा निष्कर्ष येथे अपुरा ठरतो.

कायद्याची दिशा

कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने मानले. अग्निशामक साधने बसविणे, राष्ट्रीय इमारत संहितेचे पालन करणे व शिक्षकांसह कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे बंधनकारक झाले. धडा प्रथम प्रौढांनी शिकावयाचा आहे, हा या निर्णयाचा आशय होय. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१६ च्या शालेय सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वांनी हीच दिशा पुढे नेली.

समारोप

मग मुलांना शिकवावयाचे ते काय? धुरात वाकून वा रांगत बाहेर पडणे, कपड्यांनी पेट घेतल्यास न धावता जमिनीवर लोळणे, दप्तरासाठी मागे न फिरणे, या गोष्टी लहान मुलेही सरावाने शिकतात. परंतु सरावाचे महत्त्व याहून अधिक आहे. मुले प्रत्यक्ष चालू लागली की कुलूपबंद दार, जिन्याखाली रचलेले जुने बाक व न उघडणारी खिडकी आपोआप उघडकीस येते. त्या अर्थाने सराव ही मुलांची नव्हे, तर इमारतीची आणि तिच्या चालकांची परीक्षा असते. प्रत्येक सरावात आढळलेल्या त्रुटी लेखी नोंदवून त्या दूर केल्याशिवाय हे शिक्षण पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. शिक्षक घडविणाऱ्या अध्यापक महाविद्यालयांनी याचा आरंभ स्वतःच्या इमारतीपासून करणे उचित ठरेल.