राजगृहाचा तट आणि तपोदेचें ऊन पाणी

पाटण्याहून पहांटे निघालेला प्रवासी वाटेंत नालंद्याचे पडके विहार पाहूनहि राजगीरला वेळेवर पोंचतो आणि त्याच रात्रीं परत येऊं शकतो. एका दिवसाच्या या सहलींत दोन गोष्टी पाहावयास मिळतात: अडीच हजार वर्षांपूर्वींच्या राजधानीचे दगड, आणि ती राजधानी वसली त्या काळापासून अखंड वाहणारें ऊन पाणी. बहुतेक लोक पाण्यासाठीं येतात आणि स्नान करून दगडांकडे पाठ फिरवितात. वास्तविक त्या दगडांची सर्वांत बोलकी कथा या पाण्याजवळच घडलेली आहे.

राजगीर म्हणजे प्राचीन राजगृह. महाभारतांतील जरासंधाचें गिरिव्रज तें हेंच, अशी परंपरा आहे. वैभार, विपुल, रत्न, उदय आणि सोन या टेंकड्यांनीं वेढलेल्या खोऱ्यांत मगधाचें हें नगर वसलें होतें. निसर्गानें दिलेला हा कोट राजांना पुरेसा वाटला नसावा, कारण टेंकड्यांच्या माथ्यांवरून त्यांनीं दगडी तट फिरविला. त्याची एकंदर लांबी सुमारें ४० किलोमीटर भरते. तीन ते पांच फूट लांबीचे अनघड धोंडे, चुना न वापरतां, एकमेकांत घट्ट बसविलेले आहेत. दक्षिणेस बाणगंगेच्या खिंडीजवळ हा तट अजून पुरुषभर उंचीहून अधिक उभा दिसतो. रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला येथें बुरुजांची ऐट फारशी आढळणार नाहीं. परंतु शिवकालीन बांधकामाहून हा तट सुमारें दोन हजार वर्षांनीं वडील आहे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. जवळच खडकांत चाकांच्या खोल चाकोऱ्या उमटल्या आहेत. लोक त्यांना श्रीकृष्णाच्या रथाच्या खुणा म्हणतात. पिढ्यान् पिढ्या गेलेल्या गाड्यांचें तें काम असावें.

झरे आहेत ते खोऱ्याच्या उत्तरेकडील तोंडाशीं, वैभाराच्या पायथ्याला. कोंकणांत ज्याला उन्हाळें म्हणतात, त्याच जातीचे हे झरे. त्यांतील ब्रह्मकुंडाचें पाणी सर्वांत ऊन, सुमारें ४५ अंशांचें असतें. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतें, पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें तापतें आणि दुसऱ्या भेगांनीं वर येतें, असा आजच्या भूशास्त्राचा निर्वाळा आहे. पाली ग्रंथांत या प्रवाहाला तपोदा असें नांव आहे, आणि विनयपिटकांत त्याच्या उष्णतेचें निराळें कारण सांगितलें आहे: मूळचा डोह स्वच्छ व थंड, परंतु दोन महानरकांच्या मधून आल्यामुळें पाणी उकळत बाहेर पडतें. इसवी सनाच्या सातव्या शतकांत आलेल्या ह्युएनत्संगानेंहि नरकांचीच कथा ऐकली, आणि पूर्वीं पांचशें असलेले झरे आतां कांहीं दहांवर आले आहेत अशी नोंद केली.

याच विनयपिटकांत बिंबिसार राजाची ती कथा आहे. एके दिवशीं राजा डोकें धुण्यासाठीं तपोदेवर आला. पाण्यांत भिक्षु स्नान करीत होते. आर्यांचें स्नान होईपर्यंत थांबावें, असें म्हणून राजा बाजूला उभा राहिला. भिक्षूंनीं राजाला पाहिलें, तरी ते अंधार पडेपर्यंत पाण्यांतून निघाले नाहींत! राजाचें स्नान उरकलें तेव्हां नगराचा दरवाजा बंद झाला होता. मगधाच्या अधिपतीनें ती रात्र आपल्याच नगराबाहेर काढली. भल्या सकाळीं तो बुद्धाकडे गेला, तेव्हां स्नानोत्तर लावलेली उटी अंगावर जशीच्या तशी होती. इतक्या लवकर येण्याचें कारण बुद्धानें विचारलें आणि राजानें घडलें तें सांगितलें. बुद्धानें भिक्षूंची कानउघाडणी केली आणि पंधरवड्यांतून एकदांच स्नान करावें असा नियम घातला.

दरवाजा उघडण्यास राजानें पहारेकऱ्यांना कां सांगितलें नाहीं, याविषयीं ग्रंथ मौन पाळतो. कदाचित् तटाचा नियम राजालाहि मोडतां येत नसेल.

या स्नानाच्या नियमाला पुढें पुष्कळ अपवाद जोडावे लागले: उन्हाळ्याचे दिवस, आजार, अंगमेहनत, प्रवास, वारापाऊस. अवंति-दक्षिणापथांतून, म्हणजे माळवा व त्याच्या दक्षिणेकडील मुलुखांतून, तर वेगळीच विनंती गेली. तेथील लोक स्नानाला फार महत्त्व देतात, पाण्यानें शुद्धि होते असें मानतात, सबब तेथें नित्य स्नानाची मुभा असावी. ती मिळाली. गोदाकांठच्या माणसाला यांत नवल वाटणार नाहीं.

ज्या तटानें राजाला एक रात्र बाहेर ठेवलें, त्यानें पुढें त्याचें रक्षणहि केलें नाहीं. कारण वैरी आंतच होता. बौद्ध परंपरेप्रमाणें अजातशत्रूनें पित्याला कैद करून उपाशी मारिलें. खोऱ्यांत एक जाड भिंतीचें चौकोनी आवार बिंबिसाराचा तुरुंग म्हणून दाखवितात. तेथून बुद्धाचा गृध्रकूट पर्वत दिसतो. ओळख निर्विवाद नाहीं, तरी तेथें पाय थबकतात. अजातशत्रूनंतर उदायीच्या काळीं राजधानी पाटलिपुत्राला गेली. पांचव्या शतकाच्या आरंभीं फाहियान आला तेव्हां जुन्या नगरांत वस्ती नव्हती. गृध्रकूटावर त्यानें फुलें व धूप वाहिला, तो रडला, आणि रात्रभर तेथेंच सूत्रपाठ करीत राहिला.

पाण्याजवळची वर्दळ मात्र थांबली नाहीं. विपुलाच्या पायथ्याशीं मखदूम कुंड आहे. चौदाव्या शतकांतील सूफी शरफुद्दीन याह्या मनेरी यांच्या स्मरणानें मुसलमान त्याला मानतात. ब्रह्मकुंडावर अधिक महिन्यांत मोठी जत्रा भरते, कारण त्या महिन्यांत तेहतीस कोटी देव राजगीरला राहावयास येतात, अशी समजूत आहे. तेव्हां कुंडांत उतरण्यासाठीं रांगेंत बराच वेळ तिष्ठावें लागतें; ज्याला तट आणि गृध्रकूट दोन्ही पाहावयाचे असतील, त्यानें ते सकाळींच उरकून मग पाण्याकडे यावें.