नागलीतले गवती तण (जव्हार–मोखाडा)

नागली (म्हणजेच नाचणी), वरी आणि भात ही तिन्ही पिके गवताच्याच कुळातली. त्यांच्यात उगवणारे गवती तण काढणे म्हणजे लग्नघरात पंगतीला बसलेला आगंतुक ओळखण्यासारखे आहे: कपडे तेच, बसणे-उठणे तेच, आणि चुकून घरचाच माणूस उठवला तर पंचाईत. पालघर जिल्ह्याच्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी कुटुंबे हे काम पिढ्यानपिढ्या करत आली आहेत. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. या पट्ट्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. पिकाला जे मानवते ते तणालाही मानवते.

नागलीतले सगळ्यात फसवे तण म्हणजे रान नाचणी. ते नागलीच्याच वंशातले, थेट भाऊबंदकीतले. नागली मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. तिच्या गुणसूत्रांचा अर्धा वाटा रान नाचणीकडून किंवा तिच्या अगदी जवळच्या पूर्वजाकडून आला, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. म्हणूनच दोन-तीन पानांवर असताना दोघींत फरक करणे भल्याभल्यांना जमत नाही. फरक कळतो तो बुंध्याशी. रान नाचणीचा बुंधा चपटा आणि पांढुरका असतो, आणि तिचे फुटवे चाकाच्या आऱ्यांसारखे जमिनीलगत पसरतात. नागली मात्र सरळ वर निघते. पुढे कणसे आली की शंकाच उरत नाही. नागलीची बोटे जाड आणि आत वळलेली, रान नाचणीची बारीक आणि सरळ. पण तेव्हा फार उशीर झालेला असतो. नागलीचा दाणा कणसात टिकून राहतो. रान नाचणीचे बी पिकताच झडते, आणि एका झाडाला ते हजारोंनी धरते. तिची मुळे अशी घट्ट की जमीन सुकल्यावर उपटायला गेल्यास हातात नुसती पातीच येतात.

भातात हीच भूमिका पाखड वठवते. तिची ओळख पटवायची खूण अगदी बारीक आहे. पान जिथे खोडाला बिलगते तिथे भाताच्या रोपाला कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. पाखडीला तो नसतो. पान किंचित मागे ओढून पाहिले की झाले. हाताने निंदणी होत आलेल्या शेतात पिकासारखे दिसणारे तणच शिल्लक राहते, त्याचेच बी पडते, आणि पिढ्यांमागून पिढ्या त्याचे सोंग अधिक हुबेहूब होत जाते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय व्हाविलॉव यांच्या नावाने ही अनुकृती ओळखली जाते. लव्हाळा मात्र दिसायला गवत असला तरी गवत नव्हे. त्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात.

तणाशी खरी लढाई इथे पावसाच्या आधीच, राबावर सुरू होते. रोपवाटिकेच्या तुकड्यावर शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा, वाळके गवत यांचे थर पसरून वर माती टाकतात आणि उन्हाळ्यात ते धिम्या आचेवर भाजतात. वरच्या थरातले तणाचे बी जळते, राख खत म्हणून उरते. एकोणिसाव्या शतकात जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात. त्या जिल्ह्यात टहाळ तोडण्यावर वनखात्याने निर्बंध आणले, तेव्हा तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. पुढे १९१२ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राबावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. फायदा केवळ राखेचा नसून माती तापण्याचाही त्यात मोठा वाटा आहे, हे त्यातून पुढे आले. राबाला नुसते जंगल ओरबाडणे म्हणणाऱ्यांनी बेणणीचे, म्हणजे निंदणीचे, श्रम कधी हिशेबात धरलेले नसतात. अर्थात टहाळासाठी झाडे बोडकी होतात, हेही खोटे नाही.

राबाचा दुसरा फायदा वेळेचा. तिथे तीन-चार आठवडे वाढलेले रोप वरकस उतारावर किंवा खाचरात लावले जाते, तेव्हा तण नुकते डोके वर काढत असते. पिकाला आयतीच आघाडी मिळते. रोपे ओळीत लावली असतील तर ओळीबाहेरचे जे ते परके, एवढा सोपा नियम पुरतो. फेकून पेरलेल्या शेतात तो चालत नाही. पहिले पाच-सहा आठवडे शेत स्वच्छ राहिले की पुढे पिकाची सावलीच काम करते. बेणणी बहुधा बायांच्याच वाट्याला येते, भर पावसात, वाकून. उपटलेले तण जागेवर टाकले तर ओल्या मातीत पुन्हा मूळ धरते, म्हणून ते बांधावर मुळे वर करून टाकतात.

वरकसावर नागली, मग वरी, मग खुरासणी किंवा उडीद आणि नंतर काही वर्षे पडीक, अशी जुनी फेरपालट आहे. खुरासणी आणि उडीद रुंद पानांची पिके, त्यांच्यात गवत लपू शकत नाही. तणनाशकाचा प्रश्नही इथेच सुटतो किंवा अडतो. क्विझालोफॉप उडदातले गवत मारते आणि उडदाला धक्का लावत नाही. तेच नागलीवर फवारले तर नागलीच जाईल. २,४-डी नागलीत चालते, पण ते रुंद पानांच्या तणावर. रान नाचणीला त्याचे काही वाटत नाही. उरते ते उगवणीपूर्वीचे औषध. आयसोप्रोट्युरॉनची शिफारस कोरडवाहू नागलीसाठी हेक्टरी अर्धा किलो क्रियाशील घटक अशी आहे. मात्र ते मातीच्या वरच्या थरात टिकले तरच उपयोगी, आणि मोखाड्याच्या उतारावर पहिल्याच जोरदार सरीत तो थर ओहोळाला लागतो.

शहरातल्या हिरवळींची आणि गोल्फच्या मैदानांची अडचण हीच, फक्त पात्रे बदललेली. तिथे जपायची असते हरळी, जी इथल्या शेतात स्वतःच तण ठरते. आणि तिच्यात घुसणारी असते हीच रान नाचणी, विशेषतः पायाखाली दबून घट्ट झालेल्या जागी. मलेशियात १९९७ साली ग्लायफोसेटलाही न जुमानणारी रान नाचणी नोंदवली गेली. त्यामुळे हिरवळ राखणारेही आता माती भुसभुशीत ठेवणे, गवत फार खाली न कापणे आणि उगवणीआधीच बंदोबस्त करणे यांवर भर देतात.

बियाण्याची निवड हा शेवटचा टप्पा. खळ्यावर सरसकट मळलेल्या नागलीत पाखडीचे, रान नाचणीचे बी मिसळते आणि पुढच्या वर्षी राबावरच पेरले जाते. मग भाजणीचा उपयोग निम्मा होतो. म्हणून जाणते शेतकरी कापणीपूर्वीच उभ्या पिकातली भरलेली, आत वळलेली कणसे निवडून वेगळी बांधून ठेवतात आणि बियाण्यापुरते तेवढेच मळतात.