फेरिटिन चाचणी
शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी. फेरिटिन हे लोह साठवून ठेवणारे प्रथिन. १९३७ साली लाउफबर्गर यांनी ते घोड्याच्या प्लीहेतून वेगळे केले. तीर्थपुरीसारख्या (ता. घनसावंगी, जि. जालना) गावांतून गरोदर बाईचे बोट टोचून हिमोग्लोबिन पाहतात, लोहाची लाल गोळी देतात. मात्र हिमोग्लोबिन उतरते ते लोहाची कणगी रिकामी झाल्यावर. तळ आधी दिसतो तो फेरिटिनमध्ये. त्यासाठी शिरेतून रक्त घ्यावे लागते. निरोगी प्रौढांत लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी फेरिटिन म्हणजे लोहकमतरता. जंतुसंसर्गात आकडा फसवा वाढतो, म्हणून तेव्हा जागतिक आरोग्य संघटना ७० ही मर्यादा धरते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे (२०१९–२१). गोळीवर लगेच चहा घेतल्यास लोह कमी शोषले जाते, लिंबूपाणी चालते.