अडीचशे रुपयांचा रसायनशास्त्रज्ञ

शास्त्रविषयांतील उच्च पदवी पदरीं पडली म्हणजे माणसाची पोटापाण्याची विवंचना मिटली, असा पुष्कळांचा समज असतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचें पूर्वायुष्य पाहिल्यास हा समज किती लंगडा आहे, हें श्रोत्यांच्या ध्यानांत येईल.

गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीवर १८८२ सालीं ते विलायतेस गेले; एडिंबरो विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी १८८७ त मिळवून पुढच्या वर्षीं कलकत्त्यास परतले. शिक्षणखात्यांतील वरच्या दर्जाच्या नेमणुका लंडनांत होत आणि त्या बहुतेक गोऱ्यांच्याच वांट्यास येत. गुरुजनांचीं शिफारसपत्रें असूनही रायांची तेथें डाळ शिजली नाहीं. मायदेशीं जवळजवळ एक वर्ष रिकामें गेलें. आसरा होता तो जगदीशचंद्र बसूंच्या घरचा. (त्या जगदीशचंद्रांनीं तरी काय कमी सोसलें? गोऱ्या अध्यापकाहून कमी वेतन देऊं केलें म्हणून तीन वर्षें त्यांनीं पगारास हात लावला नव्हता!) अखेर १८८९ त प्रेसिडेन्सी कॉलेजांत तात्पुरती जागा मिळाली, वेतन दरमहा २५० रुपये. दाद मागावयास गेले असतां खात्याचे प्रमुख क्रॉफ्टसाहेब यांनीं सुनावलें कीं, पोट भरण्याचे दुसरे मार्ग पुष्कळ आहेत, ही नोकरी पत्करण्याची सक्ती कोणी केलेली नाहीं.

पण दुसरे मार्ग होते कोठें? रसायनांत एम. ए. झालेला बंगाली तरुण पुन्हां कायद्याचीं पुस्तकें उघडून बसे, कारण त्याच्या विद्येस गिऱ्हाईक नव्हतें. आणि औषधें तर विलायतेहून येत. या विसंगतीवर रायांनीं बोट ठेवलें. १८९२ सालीं अप्पर सर्क्युलर रोडवरील ९१ क्रमांकाच्या आपल्या भाड्याच्या घरांत, अवघ्या सातशे रुपयांच्या भांडवलावर, त्यांनीं 'बेंगॉल केमिकल' सुरू केलें. फॉस्फेट करण्यासाठीं जनावरांचीं हाडें आणून गच्चीवर वाळत घालीत. कावळे जमत, दुर्गंधीनें शेजारी हैराण होत. दिवसा अध्यापन आणि उरल्या वेळांत ही भट्टी! अग्निमांद्य व निद्रानाश यांनीं आधींच गांजलेल्या देहास हें कसें झेपलें असेल?

या उद्योगाची किंमत इतरांनींही मोजली. सतीशचंद्र सिंह हा रसायनाचा एम. ए. कारखान्यांत आला आणि विषारी आम्लाच्या अपघातांत प्राणास मुकला. देशी औषधें वैद्यकवर्गाच्या गळीं उतरविणारे डॉ. अमूल्यचरण बसू १८९८ त प्लेगनें गेले. राय बहुतेक एकटेच उरले. तरी १९०१ सालीं कारखान्याची मर्यादित कंपनी झाली आणि रसायनाच्या पदवीधरांस वकिलीखेरीज दुसरें एक दार उघडलें.

त्याच सुमारास आपले गोपाळराव गोखले कलकत्त्यास त्यांचे शेजारी होते. पाहुणे आलेल्या गांधींशीं गोखल्यांनीं त्यांची ओळख करून दिली ती अशी कीं, हे प्राध्यापक आठशें रुपये मिळवितात, चाळीस स्वतःपुरते ठेवतात व बाकीचे लोककार्यास देतात. १९२१ पासून तर त्यांनीं विद्यापीठाचें वेतन विद्यापीठासच परत केलें. अविवाहित राय सायन्स कॉलेजांतील एका खोलींत राहत; १६ जून १९४४ रोजीं तेथेंच विद्यार्थ्यांच्या सहवासांत त्यांचा देह पडला.